चौकट तीच, चित्र नवें

श्रोतेहो, आज ज्या विषयावर मी चार शब्द बोलणार आहें, तो प्रथमदर्शनीं छापखान्याच्या चार भिंतींतला वाटेल. परंतु त्याचा संबंध आपल्या प्रत्येकाच्या घरांतील शाळेच्या दप्तराशीं आहे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेशीं आहे, आणि लग्नाच्या मुलामुलींच्या याद्या चाळणाऱ्या वडीलधाऱ्यांशींही आहे. विषय असा: छापावयाच्या पानांत बसविलेलीं चित्रें काढून त्यांच्या जागीं नवीं चित्रें बसविणें, तीं त्या त्या जागेच्या मापाचीं करणें, आणि हें सारें काम एकेक करून हातानें न करतां संगणकाला एकदांच लेखी आज्ञा देऊन त्याच्याकडून करवून घेणें. हें कसें साधतें, त्यांत सोय कोणती आणि धोका कोणता, एवढें आज पाहावयाचें आहे.

चित्र बदलावें तरी कां लागतें, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तम उत्तर आपल्या महाराष्ट्राच्या नकाशाजवळ आहे. १ मे १९६० रोजीं आपलें राज्य अस्तित्वांत आलें तेव्हां त्यांत २६ जिल्हे होते. १ मे १९८१ रोजीं रत्नागिरींतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादकडून जालना हे जिल्हे वेगळे झाले. १९८२ च्या ऑगस्ट महिन्यांत उस्मानाबादेंतून लातूर आणि चंद्रपुरांतून गडचिरोली निघाले. १९९० सालीं मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. १ जुलै १९९८ रोजीं वाशिम आणि नंदुरबार, १ मे १९९९ रोजीं हिंगोली आणि गोंदिया, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यांतून पालघर. सव्वीस आणि दहा, असे मिळून आज ३६ जिल्हे आहेत. शिवाय नांवें बदललीं तीं वेगळींच. १९८१ सालीं कुलाब्याचें रायगड झालें. २०२३ सालीं औरंगाबाद व उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांचीं नांवें छत्रपति संभाजीनगर व धाराशिव अशीं झालीं. २०२४ सालीं अहमदनगरचें अहिल्यानगर झालें.

आपल्या सीमा जेथल्या तेथें राहिल्या तरी शेजारी बदलतात, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. १ नोव्हेंबर २००० रोजीं छत्तीसगड निर्माण झालें आणि गडचिरोलीच्या पूर्वेस लिहिलेलें मध्य प्रदेश हें नांव पुसावें लागलें. २ जून २०१४ रोजीं तेलंगण वेगळें झालें. त्या दिवसापासून आंध्र प्रदेश हा महाराष्ट्राचा सख्खा शेजारी उरला नाहीं. २०२० च्या प्रजासत्ताकदिनीं दादरा-नगरहवेली आणि दमण-दीव एक झाले. म्हणजे महाराष्ट्राची एक इंचही जमीन इकडची तिकडे न होतां त्याचा नकाशा तीनदां जुना झाला.

आम्हां कोल्हापूरकरांना ह्याची प्रचीति फार लांब जाऊन घ्यावी लागत नाहीं. १९८१ पूर्वीं गगनबावड्याचा घाट उतरला कीं रत्नागिरी जिल्हा लागत असे. आज तोच घाट उतरला कीं सिंधुदुर्ग लागतो. मीं वर्गांत भूगोल शिकविला आहे. भिंतीवरचा नकाशा एक सांगतो, हातांतलें पुस्तक दुसरें सांगतें, आणि शाळेनें वांटलेली दिनदर्शिका तिसरें सांगते, अशा वेळीं मुलाची चुळबुळ कशी होते, हें मीं पुष्कळदां पाहिलें आहे. छापलेल्या वस्तूवर मुलाची श्रद्धा असते. दोन छापलेल्या वस्तु एकमेकींना खोटें पाडूं लागल्या म्हणजे तें मूल गोंधळतें, आणि पुढें पुढें कोणत्याच छापील गोष्टीवर विश्वास ठेवावयाचा नाहीं असें शिकतें. ह्या दुसऱ्या धड्याचें नुकसान पहिल्याहून मोठें आहे.

आतां हा एक नकाशा किती ठिकाणीं छापला जातो, ह्याचा विचार करा. भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र, परिसर अभ्यास, सराववह्या, दैनंदिन्या, स्पर्धापरीक्षांचीं पुस्तकें! पुण्याचें महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजे आपल्या परिचयाची ‘बालभारती’, १९६७ सालीं स्थापन झालें. आपल्या राज्यांतील शाळांसाठीं पुस्तकें मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड अशा अनेक भाषांतून निघतात. एक जिल्हा निर्माण झाला कीं ह्या सर्वांतील चित्र बदललें पाहिजे. म्हणून चित्र बदलण्याचें काम हें क्वचित् पडणारें काम नव्हे. तो प्रकाशनाचा नित्यधर्म आहे.

पूर्वीं हें काम कसें होत असे, तेंही थोडक्यांत सांगतों. शिळाछापाच्या काळांत चित्र दगडावर काढीत. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड निराळा. राजा रविवर्म्यांच्या १८९४ सालीं मुंबईंत निघालेल्या छापखान्यांतील देवदेवतांचीं चित्रें अशाच रीतीनें घरोघरीं पोंचलीं. पुढें खिळ्यांच्या छपाईबरोबर धातूचे ठसे, म्हणजे ज्यांना छापखान्यांत ‘ब्लॉक’ म्हणत, ते आले. जस्ताच्या पत्र्यावर चित्र कोरून निघे आणि तो पत्रा लांकडाच्या ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीबरोबर आणीत. ह्या ठशाचा गुण असा कीं तो शेंकडों वेळां वापरतां येई. दोष असा कीं त्याचें माप कायमचें ठरलेलें. तीन इंचांचा ठसा साडेतीन इंचांचा करावयाचा म्हटलें, तर पुन्हां कॅमेऱ्यानें नवें छायाचित्र घेऊन नवाच ठसा पाडावा लागे. खर्च नको म्हणून जुनाच ठसा चालवून घेण्याकडे मालकाचा कल असे. त्यानंतर ऑफसेटचा काळ आला. त्यांत ब्रोमाइडच्या कागदावर घेतलेलें चित्र पात्यानें कापून, डिंक लावून, पानाच्या तक्त्यावर चिकटवीत. चित्र एक केंसभर वांकडें बसलें तरी तें तसेंच हजारों प्रतींत उतरे.

१९८५ सालीं आल्डस नांवाच्या अमेरिकन कंपनीनें पेजमेकर हें पान जुळविण्याचें साधन बाजारांत आणलें. त्यामागून क्वार्कएक्सप्रेस आलें, १९९९ सालीं ॲडोबी कंपनीचें इनडिझाइन आलें, आणि स्क्रायबस नांवाचें विनामूल्य मिळणारें साधनही आलें. पात्याची आणि डिंकाची जागा संगणकाच्या पडद्यानें घेतली. ह्या साधनांची सर्वांत महत्त्वाची युक्ति जी आहे, तीच आजच्या विषयाचा पाया आहे. म्हणून ती नीट समजून घेऊं.

सामान्य माणसाची समजूत अशी असते कीं संगणकावरच्या पानांत चित्र चिकटविलेलें असतें. वस्तुतः तसें नसतें. पानांत असते ती एक रिकामी चौकट, आणि त्या चौकटींत असतो केवळ एक पत्ता. अमुक फोल्डरांतील अमुक नांवाची फाइल येथें दाखवावयाची, एवढेंच त्या पानाला ठाऊक असतें. ह्या पत्त्याला ‘लिंक’ म्हणतात. आपण त्यास दुवा म्हणूं. पडद्यावर जें चित्र दिसतें तें त्या फाइलीचें एक कामचलाऊ प्रतिबिंब असतें. खरें चित्र आपल्या जागीं निराळें सुरक्षित असतें. वर्गांतील बांक आणि विद्यार्थी ह्यांचा संबंध जसा असतो तसाच हा संबंध आहे. बांक वर्गांत असतो. त्यावर कोणी बसावयाचें हें हजेरीपटांत लिहिलेलें असतें. आणि विद्यार्थी स्वतः आपल्या घरून येतो. इनडिझाइनमध्यें असा हजेरीपट खरोखरच असतो. कोणतें चित्र कोणत्या पानावर आहे, तें हजर आहे कीं गैरहजर, कीं आपल्या माघारीं त्यांत कांहीं फेरफार झाला आहे, हें त्यांत दिसतें. फाइल जागेवर सांपडली नाहीं तर तांबडी खूण येते. फाइल बदललेली असली तर पिवळा त्रिकोण येतो.

एकदां हें समजलें म्हणजे चित्र बदलणें याचा अर्थ आपोआप स्पष्ट होतो. चौकटीला हात लावावयाचा नाहीं, मजकुराला हात लावावयाचा नाहीं. फक्त हजेरीपटांतील एक पत्ता खोडून दुसरा लिहावयाचा.

हें हातानें करतां येणार नाहीं काय? अवश्य येईल. पण थोडें गणित करूं. समजा, एका पुस्तकांत ६० चित्रें आहेत आणि तें पुस्तक आठ माध्यमांतून निघावयाचें आहे. चित्रें झालीं ४८०. प्रत्येकाची चौकट शोधणें, नवी फाइल निवडणें, माप जुळविणें आणि खात्री करून घेणें ह्यांस तीन मिनिटें धरलीं, तर १४४० मिनिटें, म्हणजे पूर्ण चोवीस तास होतात. डोळ्यांत तेल घालून माणूस दिवसाकांठीं सहा तास असें काम करूं शकतो असें म्हटलें, तर चार दिवस. आणि चौथ्या दिवशीं दुपारीं चारशेंसाठावें चित्र बसवितांना त्याचें लक्ष पहिल्या चित्राइतकें असेल, अशी हमी कोण देईल?

येथें लेखी आज्ञेचा उपयोग होतो. तिला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. इनडिझाइनला ही आज्ञा जावास्क्रिप्ट नांवाच्या भाषेंत देतां येते; स्क्रायबसला पायथन नांवाच्या भाषेंत देतां येते. भाषा कोणतीही असो, तिच्यांतील आशय आपल्या मराठींत असा सांगतां येईल. पहिली आज्ञा: हें पुस्तक उघड आणि त्याचा हजेरीपट हातांत घे. दुसरी: पटावरील पहिल्या चित्राचें नांव वाच. तिसरी: त्याच नांवाची फाइल नव्या चित्रांच्या फोल्डरांत आहे कीं नाहीं तें पहा. चौथी: असल्यास पत्ता बदल आणि नवें चित्र चौकटींत आण. पांचवी: नसल्यास कशालाही हात न लावतां त्या चित्राचें नांव आणि पानाचा अंक एका यादींत टिपून ठेव. सहावी: आणलेलें चित्र चौकटीच्या मापाचें कर. सातवी: पट संपेपर्यंत हेंच पुढें चालव. बस्स, इतकेंच! चोवीस तासांचें काम कांहीं मिनिटांत होतें, आणि शेवटच्या चित्रापाशीं यंत्र पहिल्याइतकेंच ताजेंतवानें असतें.

ह्या सात आज्ञांपैकीं सहावी, म्हणजे मापाची, दिसावयास सोपी पण खरोखर अवघड आहे. नवें चित्र जुन्याच्या मापाचें क्वचितच असतें. येथें आपल्याला शाळेंतील त्रैराशिक उपयोगी पडतें. समजा, महाराष्ट्राचा नवा नकाशा १६० मिलिमीटर रुंद व १२० मिलिमीटर उंच आहे, आणि पानांतील चौकट १२० रुंद व १०८ उंच आहे. रुंदीच्या हिशेबानें चित्र पाऊणपट करावयास हवें. उंचीच्या हिशेबानें नऊदशांशपट. कोणतें प्रमाण घ्यावयाचें? येथें तीन मार्ग आहेत.

लहान प्रमाण घेतलें, तर चित्र १२० बाय ९० होईल. तें संपूर्ण दिसेल, पण वर नऊ आणि खालीं नऊ मिलिमीटर जागा पांढरी राहील. मोठें प्रमाण घेतलें, तर चित्र १४४ बाय १०८ होईल. चौकट गच्च भरेल, पण डावीकडचे बारा आणि उजवीकडचे बारा मिलिमीटर चौकटीबाहेर जाऊन दिसेनासे होतील. निसर्गदृश्याच्या छायाचित्राला हें चालेल. थोडें आकाश, थोडें झुडूप कमी झाल्यानें कांहीं बिघडत नाहीं. पण नकाशाचें काय? नकाशाच्या कडेला मोकळी जागा थोडीच असते. डावीकडची कातर मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावरून जाईल, उजवीकडची गडचिरोलीवरून. ज्या पालघरासाठीं नवा नकाशा काढला, तेंच पालघर कातरीखालीं सांपडावयाचें! तिसरा मार्ग म्हणजे रुंदी पाऊणपट आणि उंची नऊदशांशपट करून चित्र चौकटींत कोंबणें. ह्यानें कांहीं कापलें जात नाहीं आणि जागाही रिकामी राहत नाहीं. परंतु नकाशा रुंदीच्या मानानें एकपंचमांश अधिक उंच होतो. माणसाचें छायाचित्र असेंच ताणलें तर आपण हंसतों. नकाशा ताणला तर कोणाच्या लक्षांतही येत नाहीं, आणि म्हणूनच तो अपराध अधिक मोठा आहे.

म्हणून जाणता माणूस आज्ञा लिहितांना सर्व चित्रांना एकच नियम लावीत नाहीं. छायाचित्रांना चौकट भरण्याचा नियम, नकाशांना व आकृतींना संपूर्ण दिसण्याचा नियम, आणि ताणण्याला सर्वत्र बंदी, असा भेद तो फाइलीच्या नांवावरून किंवा फोल्डरावरून करून ठेवतो.

नकाशाच्या बाबतींत आणखी एक खोंच आहे, ती भूगोलाच्या शिक्षकाच्या डोळ्यांना चटकन् दिसते. पुष्कळ नकाशांखालीं प्रमाण शब्दांत लिहिलेलें असतें: एक सेंटिमीटर बरोबर ६० किलोमीटर. आतां हा नकाशा यंत्रानें पाऊणपट केला. अक्षरें तींच राहिलीं, पण सत्य बदललें. आतां एक सेंटिमीटर बरोबर ८० किलोमीटर झाले. मुलानें पट्टी लावून दोन गांवांतील अंतर चार सेंटिमीटर मोजलें, तर तो २४० किलोमीटर असें उत्तर लिहील. खरें उत्तर ३२० आहे. मुलाची पट्टी बरोबर, त्याचा गुणाकार बरोबर, आणि उत्तर मात्र चूक! ह्यावर उपाय साधा आहे. प्रमाण शब्दांत न लिहितां रेघेनें काढावें. नकाशा लहान झाला कीं रेघही त्याच प्रमाणांत लहान होते आणि ती कधीं खोटें बोलत नाहीं. चित्रें यंत्राकडून लहानमोठीं व्हावयाचीं असलीं, तर चित्रकारानें हें पथ्य आधींपासूनच पाळलें पाहिजे.

चित्र लहान करण्यापेक्षां मोठें करण्यांत निराळाच धोका असतो. छायाचित्र हें ठिपक्यांचें बनलेलें असतें. चांगल्या छपाईला एका इंचांत सुमारें ३०० ठिपके असावेत असा संकेत आहे. १२०० ठिपके रुंदीचें छायाचित्र चार इंचांच्या चौकटींत स्वच्छ उतरतें. तेंच आठ इंचांच्या चौकटींत ताणलें तर इंचाला १५० च ठिपके उरतात आणि चेहरा धुरकट होतो. पडद्यावर हें जाणवत नाहीं. कागदावर जाणवतें, आणि तोंवर हजारों प्रती निघून गेलेल्या असतात. आज्ञेंत एवढी एक ओळ वाढवावी कीं माप बदलल्यावर ज्या चित्राचे ठिपके ठराविक संख्येच्या खालीं जातात, त्याचें नांव यादींत घाल. यंत्र हा हिशेब बिनचूक करतें. रेषांनीं काढलेल्या नकाशाला मात्र हें भय नाहीं. तो गणितानें साठविलेला असल्यामुळें कितीही मोठा केला तरी त्याची धार कमी होत नाहीं.

आतां मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतों. यंत्र नांव ओळखतें. अर्थ ओळखीत नाहीं. भूगोलाच्या पुस्तकांत महाराष्ट्राचा २६ जिल्ह्यांचा नकाशा उरला असेल तर ती चूक आहे. परंतु इतिहासाच्या पुस्तकांत, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रकरणांत, तोच २६ जिल्ह्यांचा नकाशा असेल तर तें सत्य आहे. आणि तेथें ३६ जिल्ह्यांचा नकाशा बसविणें ही चूक आहे. १९४७ च्या नकाशांत कोल्हापूर संस्थान निराळ्या रंगांत दाखविलेंच पाहिजे, कारण तें मुंबई राज्यांत विलीन झालें १ मार्च १९४९ रोजीं. १९५५ सालच्या मुंबई राज्याच्या नकाशांत बेळगांव, धारवाड आणि विजापूर असलेच पाहिजेत. आणि १९५७ च्या द्विभाषिकाच्या नकाशांत हे तीन नसून सौराष्ट्र व कच्छ, मराठवाडा व विदर्भ असले पाहिजेत. ज्या फाइलींचीं नांवें नुसतीं ‘नकाशा एक’, ‘नकाशा दोन’ अशीं आहेत, तेथें यंत्र ह्या दोहोंतील भेद कशावरून करील? तें हुकमाचें ताबेदार. जुना नकाशा दिसला कीं नवा बसवील, आणि एका क्षणांत साऱ्या इतिहासाची दुरुस्ती करून मोकळें होईल!

ह्याचें उत्तर यंत्रांत नाहीं. तें नांव ठेवणाऱ्या माणसाच्या शिस्तींत आहे. फाइलीच्या नांवांत विषय असावा, वर्ष असावें, भाषा असावी. ‘महाराष्ट्र चालू’ हें एक नांव आणि ‘महाराष्ट्र १९६०’ हें दुसरें नांव. म्हणजे पहिलें बदलावें आणि दुसऱ्याला हात लावूं नये, हें यंत्रालाही कळतें. मराठी पुस्तकाचा नकाशा कन्नड पुस्तकांत जाऊं नये यासाठीं भाषेची खूण हवी. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतें, त्यामुळें त्यांत पानांची मांडणी उलट फिरते. परंतु मांडणीबरोबर नकाशाही फिरला तर कोंकण पूर्वेस जावयाचें. हा विवेक ज्याचा त्यानें आधीं करून ठेवावा लागतो.

ह्याच विद्येचा एक घरगुती अवतार म्हणजे वधूवरांच्या सूची, शाळांचीं वार्षिकें आणि संस्थांच्या गौरविका. अशा कामांत एक तक्ता करतात. प्रत्येक ओळींत एका व्यक्तीचें नांव, वय, शिक्षण, आणि शेवटच्या रकान्यांत तिच्या छायाचित्राच्या फाइलीचा पत्ता. पानाचा सांचा एकदां आंखून दिला कीं यंत्र ओळीमागून ओळ घेऊन चौकटीमागून चौकट भरीत जातें. पांचशें स्थळांची सूची घटकेंत तयार! पण समजा, कोणी तक्त्यांतील नांवांचा रकाना अकारविल्ह्यानें लावला आणि छायाचित्रांचा रकाना तसाच ठेविला, किंवा मध्येंच एक कोठा रिकामा राहून पुढचीं सर्व छायाचित्रें एकेक घर वर सरकलीं. मग डॉक्टर मुलाच्या नांवावर वकील मुलाचा चेहरा, आणि कोल्हापूरच्या मुलीच्या माहितीवर सांगलीच्या मुलीचें छायाचित्र. पत्रिका जुळते, गुण जुळतात, आणि पाहावयास गेलें कीं दार भलतेंच कोणी उघडतें! ऐकतांना हंसूं येतें. परंतु ज्या घरीं असें घडेल, तेथें हंसूं येणार नाहीं. येथेंही तत्त्व तेंच: पूर्वीं एक छायाचित्र चुकलें तर एक चुकत असे, आतां एक चुकलें तर त्यामागचीं सर्व चुकतात.

म्हणून ह्या कामाचीं चार पथ्यें सांगतों. पहिलें: मूळ पुस्तकावर प्रयोग करूं नये, त्याची प्रत काढावी आणि प्रतीवर आज्ञा चालवावी. दुसरें: पहिल्या फेरींत यंत्राला कांहींच बदलूं देऊं नये, काय काय बदलणार आहेस त्याची यादी दे, असें म्हणावें, आणि ती यादी विषय जाणणाऱ्या माणसानें वाचावी. तिसरें: बदल झाल्यावर प्रत्येक पान जुन्या पानाशेजारीं ठेवून डोळ्यांनीं पाहावें. चौथें: सांपडलें नाहीं, बसलें नाहीं, ठिपके कमी पडले, अशा ज्या चित्रांची टिपणी यंत्रानें केली असेल, ती टिपणी निकालांत निघाल्याखेरीज पुस्तक छापखान्याकडे सोडूं नये. आज्ञा लिहिणारा आणि तपासणारा ह्या दोन व्यक्ति निराळ्या असल्यास फारच उत्तम. आपलीच उत्तरपत्रिका आपणच तपासणें कोणालाच साधत नाहीं.

कोणी विचारील कीं अशानें छापखान्यांतील माणसांच्या पोटावर पाय येणार नाहीं काय? हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ठसे पाडणारे गेले, ब्रोमाइड कापणारे गेले. त्यांच्या बोटांतील कसब त्यांच्याबरोबरच गेलें, आणि त्यांतील कित्येकांना उतारवयांत दुसरें काम शोधावें लागलें. यंत्रानें वांचविलेले चार दिवस मालकानें केवळ आपल्या नफ्याच्या वहींत जमा केले, तर कामगाराचें नुकसान तर झालेंच, पण पुस्तकाचेंही झालें. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं वांचलेल्या चार दिवसांपैकीं निदान दोन दिवस तपासणीला द्यावेत. ज्या माणसाचे हात चौकटींत चित्रें बसविण्यांत गुंतले होते, त्याचे डोळे आतां तीं चित्रें खरीं आहेत कीं नाहींत हें पाहण्याकडे लागावेत. त्याला तें शिकवावें, आणि त्याचा योग्य मोबदलाही द्यावा. पंचवीस वर्षें पानें जुळविणाऱ्या माणसाची नजर कोणत्याही आज्ञापत्रांत लिहून काढतां येत नाहीं.

आणि तरुण श्रोत्यांना असें सांगावेंसें वाटतें कीं ही विद्या मोठमोठ्या शहरांतील तज्ज्ञांचीच मिरास आहे असें मानूं नका. विनामूल्य साधन उपलब्ध आहे. आज्ञेची भाषा चार-सहा महिन्यांच्या अभ्यासानें हस्तगत होते. त्यासाठीं लागतें काय? क्रम न चुकतां विचार करण्याची संवय, त्रैराशिक, आणि वस्तूला नेमकें नांव देण्याची शिस्त. ह्या तिन्ही गोष्टी प्राथमिक शाळेंत शिकवितात. कोल्हापूरसारख्या गांवीं लग्नपत्रिका, दिनदर्शिका, वार्षिकें, सहकारी संस्थांचे अहवाल ह्यांची छपाई बारमास चाललेली असते. ज्याला पान जुळवितां येतें आणि आज्ञाही लिहितां येते, अशा मुलाला किंवा मुलीला ह्या धंद्यांत मागणी आहे.

महाराष्ट्राचा नकाशा पुन्हां बदलणार नाहीं असें कोणी म्हणूं शकत नाहीं. एखादा नवा जिल्हा होईल, एखादें नांव बदलेल, आणि पुन्हां हजारों चौकटींतील चित्र बदलावें लागेल. त्या दिवशीं हें काम यंत्र करील, आणि आपल्याहून लवकर करील, ह्यांत मला शंका नाहीं. मात्र कोणतें चित्र जुनें झालें म्हणून काढावयाचें आणि कोणतें जुनें आहे म्हणूनच ठेवावयाचें, हा निवाडा आपल्याकडे राहील. तो करण्याइतकें भूगोलाचें आणि इतिहासाचें ज्ञान मुलांना देण्याचें काम शाळेचें आहे, आणि ज्या घरांत पुस्तक उघडून मुलाबरोबर वाचलें जातें त्या घराचेंही आहे. आज रात्रीं मुलाच्या दप्तरांतील भूगोलाचें पुस्तक काढा, महाराष्ट्राचा नकाशा उघडा, आणि त्यांतील जिल्हे मुलाबरोबर मोजून पहा. छत्तीस भरले तर ठीक. न भरले तर पुस्तक कोणत्या सालचें आहे तें मुलाला शोधून काढूं द्या.